पंचविशीचे वेळापत्रक, पन्नाशीची सिस्टर

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाजवळ चोवीस तास कोणी असेल तर ती परिचारिका. डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, औषधे लिहितात आणि पुढच्या खाटेकडे जातात. त्यानंतर रुग्ण सुधारतो आहे की ढासळतो आहे, हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात यायचे असते. ही जाण शिकवून थोडी येते आणि पाहून पाहून पुष्कळ येते. म्हणूनच वीस-पंचवीस वर्षे वॉर्डात काढलेली सिस्टर नोकरी सोडते, तेव्हा तिचे पद जाहिरात देऊन भरता येते, तिची नजर मात्र भरून यायला पुन्हा तितकीच वर्षे लागतात.

पोटाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेला रुग्ण घ्या. रात्री ताप नाही, रक्तदाब ठीक. नवी परिचारिका तक्त्यात आकडे भरते आणि पुढच्या खाटेकडे वळते. जुनी सिस्टर त्याच खाटेशी थांबून छाती किती वेगाने वरखाली होते आहे ते घड्याळ लावून मोजते. श्वास मोजण्यातच वॉर्डात सर्वांत जास्त चालढकल होते आणि बिघाडाची चाहूल बहुधा तिथेच आधी लागते. लघवीच्या पिशवीत संध्याकाळपासून किती जमा झाले, पाय हाताला गार लागतात का, दुपारी नीट बोलणारा माणूस आता चादर का चाळवतो आहे, हेही ती बघते. रक्तदाब कोसळण्याच्या काही तास आधीपासून ही चिन्हे दिसू लागलेली असतात. ती फोन करते आणि निवासी डॉक्टर ‘सकाळी बघू’ म्हणाले, तर ‘नाही, आत्ताच येऊन बघा’ असे सांगण्याइतका अधिकार तिच्या आवाजात असतो. नवखीच्या मनात शंका आलीच तरी ती बोलून दाखवायला तिला धीर होत नाही.

हा फरक संशोधनातही उतरला आहे. अमेरिकेत जेफ्री सिल्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये रुग्णालयाची गुणवत्ता मोजण्याची एक वेगळी पद्धत मांडली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत किती जणांना झाली यापेक्षा, ती झाल्यावर किती जण वाचवता आले नाहीत हे मोजावे, असे त्यांचे म्हणणे होते. गुंतागुंत बरीचशी रुग्णाच्या वयावर आणि मूळ आजारावर ठरते. पण ती वेळेत ओळखून धावपळ करणे हे त्या रुग्णालयाच्या हातात असते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘परिचारिकेला वाटणारी काळजी’ हाच अभ्यासाचा विषय केला. सिस्टरला जे ‘काहीतरी बिघडतंय’ असे वाटते त्यामागे श्वासातला बदल, रक्ताभिसरण, थरथर, भान, अस्वस्थता, वेदना, रुग्णाने स्वतः बरे वाटत नसल्याचे सांगणे अशी निश्चित चिन्हे सापडली, आणि शब्दांत न सांगता येणारी जाणीवही त्यांनी त्या यादीतून वगळली नाही. आज अनेक देशांत तातडीचे पथक बोलावण्याच्या निकषांमध्ये ‘कर्मचाऱ्याला काळजी वाटते’ हे एक स्वतंत्र कारण धरले जाते.

ही जाणीव कशी घडते याची मांडणी पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली केली. नवशिकी, थोडी सरावलेली, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या त्यांनी सांगितल्या. एकाच प्रकारच्या रुग्णांमध्ये दोन-तीन वर्षे काम केल्यावर परिचारिका तिसऱ्या पायरीवर येते. वरच्या पायऱ्या केवळ वर्षे उलटल्याने मिळत नाहीत; त्यासाठी त्याच तऱ्हेचे रुग्ण पुन्हा पुन्हा पाहावे लागतात. बेनर यांच्या मांडणीतली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट पुढेच आहे. प्रसूतिकक्षात तज्ज्ञ असलेली परिचारिका हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात गेली की पुष्कळ बाबतींत पुन्हा खालच्या पायरीवर उतरते.

याला आकड्यांचा आधार अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतून मिळाला. अ‍ॅन बार्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या चार वर्षांतील सुमारे ९ लाख रुग्णांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एखाद्या विभागातील परिचारिकांचा त्याच विभागातील सरासरी अनुभव एक वर्षाने वाढला, तर रुग्णांचा मुक्काम सरासरी १.३ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. जुनी परिचारिका निघून गेली की तिच्या जागी आलेली कितीही हुशार असली तरी सगळ्या चमूचे काम विस्कळीत होते, हेही त्यात दिसले. औषधाचे कपाट कुठे, कोणत्या सर्जनची काय पद्धत, रक्तपेढीत रात्री कोणाला फोन करायचा, या बारीकसारीक गोष्टी कोणत्याही पुस्तकात नसतात आणि संकटाच्या दहा मिनिटांत त्यांचीच गरज पडते.

परिचारिकांचा तुटवडा जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात २ कोटी ७९ लाख परिचारिका होत्या आणि ५९ लाख कमी पडत होत्या. त्याच अहवालानुसार दर सहा परिचारिकांपैकी एक ५५ वर्षांच्या पुढची होती, म्हणजे दहा वर्षांत निवृत्त होणारी. तरी बहुतेक देश नव्या भरतीचाच हिशेब करत राहिले. वर्गात पन्नास मुली घ्यायच्या आणि मागच्या दाराने पन्नास जणी निघून जायच्या, तर वॉर्डातील हातांची संख्या तितकीच राहते आणि अनुभव घटत जातो. पैशाचे गणितही भरतीच्या बाजूने नाही. एक परिचारिका गेल्यावर नवी शोधणे, तिला शिकवणे, तोवर जादा पाळ्यांचे पैसे देणे हा खर्च अमेरिकेतील वार्षिक सर्वेक्षणांत ५० हजार डॉलरच्या पुढे दाखवला जातो. भारतात तो रुपयांत मोजलाच जात नाही, त्यामुळे तो होतच नाही असा समज आहे.

अनुभवी परिचारिका का जातात, याची पहिली कारणे शरीरात आहेत. पंचविशीत रात्रपाळी केल्यावर सकाळी झोप लागते. पन्नाशीत दिवसाची झोप तुटक होते आणि एका रात्रीचा शीण दोन-दोन दिवस उतरत नाही. आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत सकाळ आणि दुपारची पाळी सहा-सहा तासांची, तर रात्रपाळी आठ ते आठ, बारा तासांची असते. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये झोपेचे चक्र बिघडवणारे पाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तेच मत कायम ठेवले. याच वयात रजोनिवृत्ती येते. घामाने गणवेश भिजणे, झोप उडणे, सांधे दुखणे हे सोसत ती ड्युटी करत असते आणि त्याबद्दल मेट्रनशी बोलण्याची पद्धतच नसते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०२२ मध्ये यासाठी खास सूचना काढल्या; आपल्या रुग्णालयांत हा विषय अजून चहाच्या खोलीतच राहिला आहे.

पाठ आणि गुडघे हे दुसरे दुखणे. हालचाल न करता येणाऱ्या रुग्णाला शय्याव्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या सूत्रावरून माणूस उचलण्याची सुरक्षित मर्यादा ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो काढली गेली. सत्तर किलोच्या माणसाचा एक पायच अकरा-बारा किलोंचा भरतो. तेव्हा एका सिस्टरने आणि एका मावशीने मिळून रुग्णाला खाटेवर वर सरकवणे हे दोघींच्याही कण्याला झेपणारे काम नाही. घसरती चादर, उचलण्याचे साधे यंत्र, कळ फिरवून उंच करता येणारी खाट ही साधने त्यासाठीच असतात. खाट कमरेइतकी उंच झाली तर रक्त घेताना, ड्रेसिंग करताना दिवसातून शंभरदा वाकणे वाचते. चष्मा लागलेल्या डोळ्यांसाठी औषधाच्या ट्रॉलीवर एक चांगला दिवा लावला तर अ‍ॅम्प्युलवरची बारीक अक्षरे वाचताना होणारी चूक टळते. यातले काहीच महागड्या यंत्रसामग्रीत मोडत नाही, तरी खरेदीच्या यादीत ते शेवटी येते.

मात्र शरीराला सगळा दोष देणे सोयीचे आहे, खरे नाही. पन्नाशीच्या परिचारिकेला काम जड जाते, कारण ते पंचविशीच्या शरीरासाठी आखलेले असते आणि हाताखालच्या रुग्णांची संख्या कोणत्याही वयाला झेपणारी नसते. लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. परिचारिकांचा शीण आणि कामावरची नाराजीही त्याबरोबर वाढत होती. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक परिचारिका, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा मनुष्यबळ असे आहे. सरकारी रुग्णालयातल्या मेडिसिन वॉर्डात रात्री पाऊल टाकणाऱ्या कोणालाही हे प्रमाण कागदावरच आहे हे कळते. खाटा भरून जमिनीवर गाद्या टाकलेल्या असतात आणि ड्युटीवर दोन सिस्टर असतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न सरकारी आणि खासगी रुग्णालयांत दोन वेगळ्या रूपांत दिसतो. सरकारी सेवेत परिचारिका टिकते. वेतन आयोगाचा पगार असतो, बदली झाली तरी नोकरी जात नाही, आणि राज्याच्या सेवेत ५८ व्या वर्षापर्यंत ती काम करते. पण तिचा अनुभव रुग्णाजवळ टिकत नाही. अधिपरिचारिकेची बढती परिसेविका म्हणून होते, पुढे सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. परिसेविका म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. तिची सकाळ औषधांचे इंडेंट भरण्यात, लॉन्ड्रीला गेलेल्या चादरी मोजून घेण्यात, डेडस्टॉक रजिस्टर जुळवण्यात, पाळ्या लावण्यात आणि आरोग्य योजनेची कागदपत्रे पुरी करण्यात जाते. जिच्या हाताला लहान बाळाची शीर पहिल्या प्रयत्नात सापडते, तिच्या हातात रजिस्टर दिले जाते आणि सलाईन लावायला सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी उभी राहते. बढतीचा आनंद खरा असतो, तिचा हक्कही असतो. पण पगार आणि मान वाढवायचा तर खाटेपासून दूरच जावे लागेल, अशी एकच वाट ठेवणे हा व्यवस्थेचा दोष आहे.

वॉर्ड बदलण्याची पद्धत त्यात भर घालते. सगळ्यांना सगळे काम यावे या हेतूने सिस्टर काही काळाने मेडिसिनमधून सर्जरीत, तिथून बालरोग विभागात पाठवल्या जातात. सुरुवातीच्या वर्षांत हे योग्यच आहे. पण पंधरा वर्षे नवजात अतिदक्षता विभागात काढलेल्या परिचारिकेला हाडांच्या वॉर्डात पाठवणे म्हणजे बेनर यांच्या शिडीवरून तिला उतरवणे आहे. आणि जिथे पदे कंत्राटाने किंवा बाहेरच्या संस्थेमार्फत भरली जातात, तिथे अनुभव साठायला जागाच उरत नाही. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी संप केला त्यात बाह्यस्रोतातून भरतीला विरोध ही मुख्य मागणी होती. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आलेल्या मुलीकडून दहा वर्षांनी तज्ज्ञ होण्याची अपेक्षा कशी करणार?

खासगी रुग्णालयांत गोष्ट याच्या उलट आहे. तिथे पन्नाशीची परिचारिका खाटेजवळ क्वचितच दिसते, कारण ती तिशीपर्यंतही राहिलेली नसते. पुष्कळ ठिकाणी दहा वर्षे काम केलेलीचा आणि नव्याने लागलेलीचा पगार यांत फारसे अंतर नसते. दोन-तीन वर्षांचा अनुभव पदरी पडला की आखात, ब्रिटन, जर्मनी किंवा सरकारी भरती हे रस्ते खुले होतात. केरळहून मुंबई-पुण्यात आलेल्या परिचारिकांच्या जिवावर या शहरांतली मोठी रुग्णालये कित्येक वर्षे चालली आहेत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणींसाठी ती पुढच्या प्रवासाचा थांबा होती. त्यांना अडवण्यासाठी बंधपत्रे लिहून घेण्याचे, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याचे प्रकार घडले. त्याविरुद्ध २०११-१२ मध्ये देशातील अनेक शहरांत परिचारिका रस्त्यावर उतरल्या. कागद अडकवून माणूस काही महिने थांबतो, मन लावून काम करत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पगाराची स्पष्ट चौकट दिली होती. २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने राज्य सरकारइतका, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयाने त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयाने फार तर २५ टक्के कमी पगार द्यावा, आणि लहानात लहान रुग्णालयातही तो २० हजार रुपयांच्या खाली नसावा. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांकडे आली आणि बहुतेक ठिकाणी रेंगाळली. टिकवण्याच्या बाकी सगळ्या उपायांचा पाया हाच आहे. घरभाडे भागत नसेल तर गौरव समारंभाने कोणी थांबत नाही.

पाया असला की पुढचे उपाय कामाच्या आखणीत सापडतात. त्याचे सर्वांत धीट उदाहरण बेल्जियमचे आहे. तिथे २००० च्या सुमारास झालेल्या करारांनी रुग्णालयातील परिचारिकांना ४५ व्या वर्षी आठवड्याला दोन तास, ५० व्या वर्षी चार तास आणि ५५ व्या वर्षी सहा तास कमी काम करण्याचा हक्क दिला, पगारात कपात न करता. ज्यांना पूर्ण वेळच करायचे त्यांना तेवढा वाढीव मोबदला. सुटलेल्या तासांसाठी नवी माणसे घ्यायला निधी दिला गेला, हा त्यातला कळीचा भाग. नाहीतर एकीची सवलत दुसरीच्या अंगावर पडली असती. वयाने येणारा थकवा ही व्यक्तीची उणीव न मानता कामाचा एक अपेक्षित खर्च मानला, म्हणून ही योजना उभी राहिली.

याहून सोपी आणि लगेच करता येणारी गोष्ट म्हणजे पाळ्या लावण्यात परिचारिकांचा सहभाग. अमेरिकेत १९८३ मध्ये, भर तुटवड्याच्या काळात, परिचारिका खेचून आणणाऱ्या आणि टिकवणाऱ्या ४१ रुग्णालयांचा अभ्यास झाला. लोहचुंबकावरून त्यांना ‘मॅग्नेट’ हे नाव पडले. पाळ्यांची लवचिकता, परिचारिकांच्या मताला किंमत आणि व्यवस्थापनाच्या बैठकीत परिचर्या प्रमुखाला खुर्ची ही त्यांची समान वैशिष्ट्ये निघाली. आपल्याकडे पन्नाशीनंतर रात्रपाळ्या निम्म्या करणे, सलग रात्री टाळणे, ज्यांच्या घरी म्हातारे सासू-सासरे अंथरुणाला खिळले आहेत त्यांना ठरावीक पाळी देणे हे एखादी समजूतदार मेट्रन आजही करते. पण ते तिच्या मर्जीवर राहते. नियमात नसलेली सवलत घेताना ओशाळे व्हावे लागते, आणि म्हणून वीस वर्षांची सेवा पूर्ण होताच कित्येक जणी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देतात.

दुसरा उपाय खाटेजवळच बढतीची वाट तयार करण्याचा. जखमा आणि शय्याव्रणांची देखभाल, शिरेतून औषधे देण्यासाठीचे खास पथक, स्टोमा (मल-मूत्रासाठी पोटावर केलेली कृत्रिम वाट) असलेल्या रुग्णांचे प्रशिक्षण, मधुमेही पायांची तपासणी, वेदनाशमन, संसर्ग नियंत्रण, घरी सोडताना रुग्णाला आणि नातेवाइकांना समजावून सांगणे, या सगळ्यांत अनुभव लागतो आणि वजन उचलावे लागत नाही. मानांकन मिळवणाऱ्या रुग्णालयांना संसर्ग नियंत्रण परिचारिका नेमावीच लागते. ते पद शिक्षा किंवा विसावा न मानता तज्ज्ञतेचे मानले आणि त्याला परिसेविकेइतका पगार दिला, तर रजिस्टरांकडे न वळताही पुढे जाता येईल. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षतेतील नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला तो याच दिशेचा आहे; पदे निर्माण झाली तरच त्याचा उपयोग.

शिकवण्याच्या कामात तर अनुभवाचा अक्षरशः अपव्यय होतो. तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम करून तीस वर्षे वॉर्डात काढलेली सिस्टर पदवी नसल्याने महाविद्यालयात शिकवू शकत नाही. पदवीची अट वर्गासाठी योग्य असेल, पण खाटेजवळचे शिक्षण तिच्याकडूनच व्हायला हवे आणि ते तिच्या कामाचा मोजलेला भाग हवे. इंग्लंडमध्ये निवृत्तीकडे आलेल्या परिचारिकांना ‘वारसा मार्गदर्शक’ म्हणून नेमण्याची योजना आहे. नव्याने लागलेल्या मुलींसोबत पाळीत राहायचे, त्यांच्या अडचणी ऐकायच्या, पहिला मृत्यू पाहिल्यावर त्यांना सावरायचे. यात दोघींचे टिकणे साधते, कारण पहिल्या वर्षात घाबरून नोकरी सोडणाऱ्या मुलींची संख्याही मोठी असते.

खाटेजवळचे ज्ञान हातातून हातात जाते तेव्हा काय होते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवले आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, जवळपास ४२ वर्षे, त्याच रुग्णालयात खाटेला खिळून होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणाचा निकाल दिला तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाले नाही याची नोंद झाली आणि न्यायालयाने तिथल्या परिचारिकांची मुक्त कंठाने प्रशंसा केली. शेवटच्या काळात त्यांची सेवा करणाऱ्या अनेक जणी १९७३ मध्ये जन्मल्याही नव्हत्या. कूस कशी बदलायची, घास कसा भरवायचा, त्वचेवरचा कोणता लालसर डाग धोक्याचा, हे त्या आपल्या आधीच्या सिस्टरांसोबत उभे राहून शिकल्या.

निवृत्तीचे वय वाढवणे हा सर्वांत जास्त सुचवला जाणारा आणि सर्वांत अपुरा उपाय. केंद्राच्या सेवेतील डॉक्टरांचे वय २०१६ पासून ६५ झाले, परिचारिकांचे मात्र ६० च राहिले, आणि महाराष्ट्रात ते ५८ आहे. ही तफावत अन्याय्य आहेच. पण कामाची आखणी तीच ठेवून दोन वर्षे वाढवली तर दोन वर्षांच्या रात्रपाळ्या वाढतात, आणि नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुण मुलींचा रोष ओढवतो. त्यापेक्षा निवृत्तीनंतर स्वेच्छेने, अर्धवेळ, शिकवण्याच्या आणि मार्गदर्शनाच्या पदांवर परत घेणे दोघींच्याही हिताचे. जपानने यासाठी नोंदणीचा मार्ग धरला. तिथे २०१५ पासून नोकरी सोडणाऱ्या परिचारिकेने आपली माहिती प्रांताच्या परिचर्या केंद्राला कळवावी अशी कायद्यात तरतूद आहे. केंद्र तिच्या संपर्कात राहते, उजळणीचे वर्ग घेते, जवळपासचे सोयीचे काम सुचवते. निवृत्तीच्या वयानंतरही काम करणाऱ्यांना तिथे ‘प्लॅटिनम नर्स’ म्हणतात.

महाराष्ट्रात असे केंद्र उभारायला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही. राज्याच्या परिचर्या परिषदेकडे प्रत्येक परिचारिकेची नोंदणी असते आणि ठरावीक मुदतीने, निरंतर शिक्षणाचे तास पूर्ण करून, तिचे नूतनीकरण करावे लागते. निवृत्त होणारी सिस्टर हे नूतनीकरण सहसा करत नाही, कारण पुढे त्याचा उपयोग काय हे तिला कोणी सांगत नाही, आणि मुदत संपली की प्रशिक्षित मनुष्यबळाच्या हिशेबातून ती वगळली जाते. शेवटच्या वर्षी पेन्शनच्या कागदांबरोबरच नोंदणी चालू ठेवण्याचा अर्ज भरून घेणे, शुल्क माफ करणे आणि तिने निवडलेल्या तालुक्यातील रुग्णालयांना तिचे नाव कळवणे, एवढे काम परिषद आणि आरोग्य विभाग आजच्या यंत्रणेत करू शकतात.